दीक्षित मास्तरांची रात्रीची दोन घटका मौज



उन्हाळी शिबिरात मुलांना तुमचा छंद कोणता असे विचारले की उत्तरे बहुधा ठरलेली असतात. क्रिकेट, टीव्ही, मोबाईलवरचे खेळ. एखादी मुलगी चित्रकला म्हणते, आणि एखादा मुलगा मांडवीच्या जेटीवर गळ टाकून बसतो हे जरा लाजत सांगतो. (आम्हांला विचाराल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. एवढा वेळ गप्प बसणे मोठ्यांनाही जमत नाही.) मोठ्या माणसांना हाच प्रश्न केला तर उत्तर येते की वेळ कुठे आहे, आणि वेळ काढला तरी पैसे कुठे आहेत. नवे काही शिकण्याचे वय गेले, असेही काहीजण म्हणतात, आणि असे म्हणणारे कधी कधी पस्तिशीचेच असतात.

म्हणून या रविवारी आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळामास्तरांची ओळख करून देत आहोत. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. मराठी जाणकारांत हे नाव मोठे आहे, पण रत्नागिरीत रस्त्यावर दहा जणांना विचारले तर किती जण सांगू शकतील याची आम्हांला शंकाच आहे. त्यांचा पोटापाण्याचा धंदा शिक्षकाचा. आकाशाचा अभ्यास त्यांनी नोकरी सांभाळून, शाळेच्या वेळेबाहेर केला, आणि त्यात जे मिळाले ते स्वतःपाशी ठेवले नाही.

दापोलीहून समुद्राकडे उतरले की हर्णै, कर्दे, मुरुड अशी गावे लागतात. त्यांतल्या मुरुड गावी १८५३ च्या जुलै महिन्यात दीक्षितांचा जन्म झाला. (जंजिरा किल्ल्याजवळचे मुरुड वेगळे, ते रायगड जिल्ह्यात.) या एवढ्याशा पट्ट्यातून त्या काळी किती माणसे निघाली पाहा. महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरुडचे, दीक्षितांहून पाच वर्षांनी लहान. केंब्रिजला गणितात पहिले आलेले रँग्लर परांजपे जवळच्या मुर्डीचे. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव दापोली तालुक्यातलेच, जन्म मात्र आपल्या रत्नागिरी शहरातला, १८५६ चा.

दीक्षितांचे शिक्षण गावच्या मराठी शाळेत सुरू झाले, थोडे संस्कृतही घरच्या परंपरेने झाले. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून शिक्षक झाले. मॅट्रिकची परीक्षा दिली, आणि त्यापुढे पदवीपर्यंत काही गेले नाहीत. मग सरकारी नोकरीत होते तसे बदल्यांचे आयुष्य. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, आणि शेवटी पुण्याचे तेच ट्रेनिंग कॉलेज, आता शिक्षक म्हणून. दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवायचे, नव्या गावी नवी मुले, पुन्हा तीच बाराखडी आणि तेच पाढे. आपल्या धर्मग्रामात शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मुलांसाठी लिहिण्याची आवड त्यांना आधीपासून होती. विद्यार्थिबुद्धिवर्धिनी हे त्यांचे पुस्तक १८७६ चे, म्हणजे ते तेवीस वर्षांचे असतानाचे. सृष्टिचमत्कार १८८२ चे. आकाशाचे वेड मात्र त्यांना लहानपणी लागले नाही. ते लागले ठाण्यास असताना, १८८० च्या सुमारास, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आगेमागे, आणि निमित्त झाले एका वादाचे. तो वाद पंचांगाचा होता.

हा वाद थोडक्यात समजून घेऊ, कारण आपल्या ख्रिस्तसभेलाही एकदा असाच पेच पडला होता. वर्ष मोजण्याच्या दोन रीती आहेत. सूर्य आकाशातल्या एखाद्या ताऱ्यापाशी पुन्हा येईपर्यंतचा काळ ही एक, आणि ऋतू पुन्हा त्याच जागी येईपर्यंतचा काळ ही दुसरी. पहिलीला निरयन म्हणतात, दुसरीला सायन. दोन्हींत फरक फक्त सुमारे वीस मिनिटांचा. वीस मिनिटे म्हणजे मिस्सेला उशिरा येणाऱ्याला वाटते तेवढीच क्षुल्लक गोष्ट. पण दरवर्षी वीस मिनिटे साठत गेली की सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो, आणि हजार-दीड हजार वर्षांत सण ऋतूंपासून निसटतात. मकरसंक्रांतीला उत्तरायण लागते असे आपले शेजारी म्हणतात. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला, नाताळच्या तीन दिवस आधी, आणि संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला.

युरोपात ज्युलियस सीझरचे जुने कॅलेंडर असेच दरवर्षी अकरा मिनिटांनी चुकत होते, त्यामुळे ईस्टर आपल्या ऋतूपासून सरकत चालला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ते दुरुस्त करविले. ख्रिस्तोफर क्लाव्हियस या येशूसंघीय धर्मगुरूने त्यात गणिताचा मोठा भार उचलला. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला, मधले दहा दिवस गाळून टाकले. आज जगभर जे कॅलेंडर भिंतीवर लागते ते हेच.

हिंदू पंचांगातही अशी दुरुस्ती व्हावी, सण ऋतूंशी बांधलेले राहावेत, असे म्हणणारे थोडे लोक महाराष्ट्रात त्या वेळी होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक हे त्यांतले प्रमुख. दीक्षित त्यांना जाऊन मिळाले. तिघांनी मिळून सायन पंचांग काढले. ते लोकांनी स्वीकारले नाही. धर्माचरणाची पंचांगे निरयनच राहिली, आजही आहेत. पण भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली जी समिती नेमली, तिने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी ऋतूंचे वर्षच धरले, आणि २२ मार्च १९५७ पासून ती अमलात आली. दीक्षितांना जाऊन तेव्हा एकोणसाठ वर्षे झाली होती.

इथे एक खुलासा केलेला बरा. ज्योतिष म्हटले की आपल्या मनात पत्रिका आणि भविष्य येते, आणि त्यापासून दूर राहा असे आपल्याला शिकविलेले असते. दीक्षितांच्या मोठ्या ग्रंथात त्या विद्येचाही इतिहास आला आहे. पण त्यांचे नाव राहिले ते गणितासाठी, म्हणजे सूर्य कुठे, चंद्र कुठे, ग्रहण केव्हा, याच्या हिशोबासाठी.

हा हिशोब किती उपयोगी पडला, त्याची एक हकिकत सांगतो. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तिथे एक जुना दगडी स्तंभ आहे, आणि त्यावर बुधगुप्त राजाच्या वेळचा लेख कोरलेला आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, असा दिवस दिला आहे. आता हे १६५ कोणत्या सालापासूनचे? गुप्त राजांचा काळ केव्हा सुरू झाला याबद्दल विद्वानांत त्या वेळी दीडशे ते अडीचशे वर्षांइतके अंतर पडत होते. फ्लीट नावाचे इंग्रज अधिकारी हे लेख गोळा करून छापत होते. त्यांना गणित करून देणारा माणूस हवा होता, तो मिळाला मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातल्या या मास्तरांत.

युक्ती अशी, की तिथी चंद्रावर अवलंबून असते आणि वार कशावरच अवलंबून नसतो, तो आपला सात-सात दिवसांनी फिरत राहतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते. तेव्हा कुठल्याही जुन्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी पडली हे काढता येते, फक्त बसून आकडेमोड करायची तयारी पाहिजे. दीक्षितांनी ती केली. गुप्त काळ इसवी सन ३१९-२० पासून धरला तर एरणच्या लेखातला दिवस २१ जून ४८४ येतो, आणि तो गुरुवारच आहे. त्या काळी यंत्र नव्हते. सगळे कागदावर, हाताने. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला, आणि आज शाळेच्या इतिहासात गुप्तांचा जो काळ मुले पाठ करतात, त्याच्या तळाशी हे गणित आहे.

अशा कामात माणूस रमला की त्याला बाहेरचे जग नकोसे होते, असा आपला अनुभव असतो. ज्यांना तिकिटे जमविण्याचा नाद आहे ते अल्बम कुणाला हात लावू देत नाहीत. ज्यांचे कलमी आंब्यावर प्रयोग चालतात ते खताचे प्रमाण शेजाऱ्याला सांगत नाहीत. दीक्षितांचे मोठेपण आम्हांला वाटते ते इथे, की विद्वानांसाठी इतके जड काम चाललेले असतानाच त्यांनी साध्या माणसांसाठी एक लहान पुस्तक लिहिले. १८९२ साली ते निघाले. त्याचे नाव ज्योतिर्विलास, आणि दुसरे नाव रात्रीची दोन घटका मौज.

हे दुसरे नाव पाहा. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, टीव्हीवरच्या दोन मालिकांनाही पुरत नाही एवढा वेळ. दिवसभर राबलेल्या माणसाकडे तेवढाच असतो हे मास्तरांना माहीत होते. आणि त्यांनी त्याला अभ्यास म्हटले नाही, ज्ञान म्हटले नाही, मौज म्हटले. जेवण झाले, अंगणात आले, वर पाहिले. सूर्य, चंद्र, ग्रह, तारे यांची माहिती त्यात सोप्या मराठीत आहे. इंग्रजी येणाऱ्यांना अशी पुस्तके तेव्हाही मिळत, मराठीच येणाऱ्यांना क्वचित. या पुस्तकाने मराठी घरांत तारे ओळखण्याचा छंद नेला. त्या काळी रात्री गावात दिवे नसत, आकाश सगळ्यांनाच सारखे दिसे, सावकाराला आणि कुळाला, भटजीला आणि दाल्द्याला. पाहायचे कसे एवढेच कुणी सांगायला हवे होते.

कोकणी माणसाला नक्षत्रांची नावे नवीन नाहीत. रोहिणीत पेरणीची तयारी, मृगाचा पाऊस, आर्द्रा लागली, हे आपण शेतकऱ्याच्या तोंडून ऐकतो. पण मृग नक्षत्र कुठले ते दाखव म्हटले तर जूनमध्ये कुणालाच दाखविता येणार नाही, आणि त्याला कारण आहे. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. सूर्यासोबत उगवणारे आणि मावळणारे तारे रात्री दिसायचे कसे? तेच मृग थंडीत, पीक घरात आल्यावर, रात्री डोक्यावर येते, चार कोपऱ्यांचे चार तारे आणि मधोमध ओळीत तीन. शेजारी कृत्तिकांचा लहानसा पुंजका. ईयोबाच्या ग्रंथात या दोन्हींचा उल्लेख आहे. इतक्या दूरच्या देशातल्या माणसाने दुःखात मान वर केली तेव्हा त्याला दिसलेले तारे आपल्याही कौलांवरून दिसतात.

या कृत्तिकांवरूनच दीक्षितांचे आणखी एक संशोधन गाजले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असे सांगितले आहे. आज त्या बरोबर पूर्वेला उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे सरकून उगवतात. तेव्हा त्या ठीक पूर्वेला केव्हा उगवत असतील याचे गणित करून त्यांनी ती ओळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांची ठरविली. त्याच सुमारास टिळकही मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरवीत होते, त्यांचा ओरायन हा ग्रंथ १८९३ चा. राजकारण आणि वर्तमानपत्रे सांभाळून टिळकांनी हे केले, शाळा सांभाळून दीक्षितांनी. दोघांच्या काळनिर्णयाबद्दल पुढच्या अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते राहतील. पण दापोली तालुक्याशी नाते असलेले दोघे एकाच वेळी, आपापल्या फावल्या वेळात, आकाशाकडे पाहून इतिहास शोधत होते, ही गोष्ट आम्हांला फार आवडते.

भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास हा दीक्षितांचा मुख्य ग्रंथ. दक्षिणा प्राइझ कमिटीने असा ग्रंथ मागविला होता, त्यासाठी त्यांनी तो लिहिला आणि बक्षीस मिळविले. छापून निघायला मात्र १८९६ साल उजाडले. वेदांपासून आपल्या काळापर्यंत या देशात कोणी आकाशाबद्दल काय लिहिले, कोणते ग्रंथ आहेत, कोणते हरवले, कोणत्या प्रांतात कोणते पंचांग चालते, हे सारे त्यात आहे, आणि सारे मराठीत. ज्याला इंग्रजीत लिहून नाव मिळविता आले असते त्याने आयुष्याचे मोठे काम मराठीत लिहिले. पुढे १९५७ साली त्याचे हिंदी भाषांतर झाले. इंग्रजी भाषांतर भारत सरकारने दोन भागांत काढले, पहिला १९६९ साली आणि दुसरा १९८१ साली, म्हणजे दुसरा भाग मूळ ग्रंथानंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

त्याच १८९६ साली लंडनमध्ये त्यांचे आणि रॉबर्ट सेवेल यांचे मिळून एक पुस्तक निघाले. सेवेल मद्रासकडचे सनदी अधिकारी. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या कोणत्याही हिंदू तिथीची किंवा मुसलमानी तारखेची इंग्रजी तारीख काढता यावी अशी कोष्टके त्यात आहेत. ग्रहणांची कोष्टके व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांनी दिली. जुन्या ताम्रपटांवर आणि शिलालेखांवर काम करणाऱ्यांना हे पुस्तक कित्येक पिढ्या हाताशी लागत आले. इंग्रज अधिकारी, व्हिएन्नाचा गणिती आणि मुरुडचा मास्तर, तिघांची नावे एका पुस्तकात आली ती आवड एक म्हणून.

दोन मोठी पुस्तके हातावेगळी झाली तेव्हा दीक्षित त्रेचाळीस वर्षांचे होते. सोपपत्तिक अंकगणित हे पुस्तकही याच काळातले, म्हणजे शाळेच्या मुलांना ते विसरले नव्हते. पुढचे काम खूप डोक्यात असणार. पण २० एप्रिल १८९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ठाण्याला नाद लागल्यापासून मोजले तर आकाशासाठी त्यांना अठराच वर्षे मिळाली, तीही नोकरीतून उरलेली. भारतवर्षीय भूवर्णन हे त्यांचे शेवटचे पुस्तक ते गेल्यावर, १८९९ साली छापून निघाले.

आपल्यापैकी कुणाला या दोन घटकांची मौज करून पाहावीशी वाटली तर रत्नागिरीत सोय चांगली आहे. जून ते सप्टेंबर ढग काही पाहू देत नाहीत, ते चार महिने सोडावेत. पौर्णिमेच्या आसपासचे दिवसही टाळावेत, चांदण्यात तारे लपतात. (पौर्णिमा केव्हा हे लक्षात ठेवायला आपल्याला एक सोपी खूण आहे. ईस्टर हा २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार असतो, त्यामुळे गुड फ्रायडेच्या सुमारास चंद्र मोठाच असतो. आमच्या शेजाऱ्यांची होळी किंवा हनुमान जयंती त्याच सुमारास येते, कारण चंद्र एकच आहे.) फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास भाट्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे पाहिले तर अगस्ती हा ठळक तारा एकटाच चमकताना दिसतो, आणि मृग जवळजवळ माथ्यावर असते. उत्तरेला ध्रुव शोधायचा तर हात लांब करून मुठीवर मूठ ठेवावी. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेच्या जरा खाली तो असतो, फार तेजस्वी नसतो, मुले इथे हमखास निराश होतात.

आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, समुद्राच्या कडेपासून एक मूठभर वर, चार ताऱ्यांचा क्रूस उभा दिसतो. पंचांगवाले त्याला त्रिशंकू म्हणतात. युरोपातून तो दिसत नाही, दिल्लीहूनही पुरता नाही, आपल्याकडून मात्र चांगला दिसतो. दुर्बिणीची गरज नाही. बॅटरी न्यावी, कारण वाळूत उतरताना खडक आहेत, आणि पोहोचल्यावर ती विझवून दहा मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी.